दोन्ही हातांचा गूळ

गिरजाबाईंनी माझ्यादेखत माणसावर पहिल्यांदा हात टाकला, तेव्हा मला जिनिंगमध्ये रुजू होऊन अर्धा दिवसही झाला नव्हता. कापसाच्या गंजीआड एक हमाल विडी ओढत बसला होता. गिरजाबाई मागून आल्या. हाक नाही, दरडावणी नाही. हातातली बाभळीची काठी त्यांनी आडवी फिरवली आणि एकाच फटक्यात विडी उडाली व ओठ फुटला. पडलेली विडी त्यांनी टाचेखाली चिरडली. हमालाच्या ओठातले रक्त पांढऱ्या कापसावर ठिबकू लागले. तो त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता. मुठी वळून तो उठला, तेव्हा गिरजाबाई मान वर करून त्याला म्हणाल्या, "मार न. पण पैले गंजीपासून दूर चाल. इथं ठिणगी पडली तं तू बी भाजशीन अन् मी बी."

तो उभा राहिला आणि मग खाली बसला. थोड्या वेळाने पाहतो, तर त्याच बाई त्याचा ओठ चिमटीत धरून त्यात हळद दाबत होत्या. तो विव्हळत होता आणि त्या सांगत होत्या, "विडी फाटकाबाहेर वढत जाय. तिथं माचिस मी देतो तुले."

मी त्याआधी एका खासगी शाळेत विज्ञान शिकवत असे. मुले कमी झाली, तुकडी बंद पडली, आणि दारव्ह्याच्या रस्त्यावरील या जिनिंगमध्ये मला टाइम ऑफिसचे काम मिळाले. हजेरी घ्यायची, पाळ्या लावायच्या आणि शेठजींच्या शब्दांत सांगायचे तर 'माणसं खूश हायेत का नाई, ते पाहाचं'. मुलावर हात उगारणे हा शिक्षकाचा पराभव असतो, असे मी मानत आलो होतो. म्हणून दुपारीच मी शेठजींकडे तक्रार घेऊन गेलो.

शेठजी हसले. "मास्तर, ही बाई नसती तं आतापावतर ही जिनिंग राख झाली असती. तुमी हजेरी घ्या. तिले तिचं काम करू द्या."

ज्यांनी जिनिंग आतून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. त्यात कातड्याचा एक रूळ फिरत असतो. तो कापसाचे तंतू पात्याखालून ओढून घेतो, सरकी पात्याशी अडते आणि खाली गळते. आमची जिनिंग जुन्या धर्तीची होती. एका लांब दांड्यावर मोठी चाके आणि त्या चाकांवरून फिरणारे पट्टे, अशा रचनेने सगळे रेचे एकाच मोटारीवर चालत. रेच्यांसमोरच्या लांब फळीवर बायका उभ्या राहून हातांनी कापूस घालत. ओढणे हा यंत्राचा एकमेव गुण. कापूस, पदर, वेणी आणि बोट यांत त्याला फरक कळत नाही. तो फरक कळण्याची जबाबदारी समोर उभ्या असलेल्या माणसावर असते, आणि ते माणूस सकाळी स्वयंपाक उरकून, पोरांना शाळेत धाडून, शेअर जीपमध्ये दाटीने बसून आलेले असते.

गिरजाबाई या बायकांच्या मुकादम होत्या. काळा, रापलेला, उभट चेहरा, कपाळावर गोंदण नाही की कुंकू नाही, नऊवारीचा काचा घट्ट, कमरेला बारदानाच्या सुतळ्या कापायचा छोटा विळा. पाळी सुरू होताना त्या फळीवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात. कोणाचा पदर सुटा दिसला की काठी पाठीवर. वेणी मोकळी दिसली की तीच वेणी धरून मान मागे ओढत. "कसं वाटते? हे तं मी वढून राह्यली. मशीन वढीन तवा सोडणार नाई." बाईच्या डोळ्यांत पाणी उभे राही आणि वेणीचा अंबाडा होई.

आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर नखे तपासत. गिरजाबाईंची तपासणी संध्याकाळी असे. रुईची धूळ घशात बसते म्हणून पाळी सुटल्यावर गूळ देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. आमच्याकडे तो गूळ फाटकाशी, गिरजाबाईंच्या हातून मिळे. त्या एका बारदानावर बसत, काठीने ढेप फोडत, आणि प्रत्येकीने दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली तरच त्यात खडा टाकत. एक हात पुढे केला तर काठी त्या हातावर. मला प्रथम हा नुसता उर्मटपणा वाटला. नंतर लक्षात आले की त्या ओंजळीकडे पाहतात, चेहऱ्याकडे नाही. कापले आहे का, सुजले आहे का, कोण बोट लपवते आहे. "दोन हात घेऊन आली, दोन हात घेऊन जाय," असे म्हणून त्या पुढचीला बोलावत. या तपासणीच्या वेळी खुद्द शेठजी जवळून गेले तरी त्या बारदानावरून उठत नसत. कोणासाठीच उठत नसत.

त्यांच्या मारातून माणसे सुटत नसत तशी शेठजींची गादीही सुटली नाही. एका उन्हाळ्यात पिण्याच्या टाकीला शेवाळ धरले. मी दोनदा सांगितले, फिटरने सांगितले. शेठजी 'उद्या पाहू' म्हणत राहिले. गिरजाबाईंनी ते हिरवे पाणी बादलीत घेतले, गादीवर चढल्या आणि पांढऱ्या लोडांवर उपडे केले. "बसा आता. आमी हेच पेऊन राह्यलो." टाकी त्याच दुपारी धुतली गेली. बायका पुढे कित्येक दिवस तो प्रसंग एकमेकींना अभिनयासह सांगत, आणि कामाचा वेगही त्या दिवसांत वाढलेला मला दिसला. मनुष्य कशाने उत्साहाने काम करतो, याविषयी मी पुस्तकांत जे वाचले होते त्यात हे कोठे बसवावे, ते मला कळेना.

एवढा राग कशाचा, हे त्यांनी मला एकदाच सांगितले. राळेगावकडच्या एका जिनिंगमध्ये त्या आणि त्यांची धाकटी बहीण एका फळीवर काम करीत. बहिणीची वेणी फिरत्या दांड्यावर गेली. "वेणी गेली, वेणीसंग टाळू गेली. मी बोंबलून राह्यली, बंद करा, बंद करा. बंद करनारा चहा प्याले गेलता." त्यांनी काठीच्या टोकाने जमीन उकरली. "रक्तावर सरकी टाकली अन् दुपारून मशीन पुन्हा चालू. आमाले त्याच फळीवर उभं केलं."

म्हणून आमच्या जिनिंगमध्ये येताना त्यांनी पगाराआधी एक अट घातली होती. मधल्या खांबावर यंत्र बंद करण्याचे लाल बटण होते. ते दाबायला कोणाला विचारणार नाही, अशी ती अट. शेठजींनी मान्य केले होते. गिरजाबाई ते बटण दिवसातून कधीही दाबत. सगळे रेचे धडधडत थांबत, त्या एखादीच्या डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधत, आणि यंत्र पुन्हा सुरू होई. त्यांच्यापाशी जे काही स्वतःचे म्हणावे असे होते, ते हे बटण होते.

शोभा ही नेरकडची, नुकतीच लग्न होऊन आलेली, गाणी म्हणत काम करणारी मुलगी. गिरजाबाईंचा तिच्यावर जीव होता. ढेपेच्या कडेचा नरम गूळ तिच्यासाठी बाजूला निघे. एके दिवशी शोभा कानात मोबाइलची वायर घालून फळीवर उभी राहिली. वायर गळ्यावरून लोंबत होती आणि तिचे टोक रुळाशी हेलकावत होते. गिरजाबाईंनी बटण दाबले, फळीवर चढल्या आणि उघड्या हाताने तिच्या डाव्या कानफटात लगावली. यंत्र थांबल्यामुळे तो आवाज साऱ्या शेडमध्ये ऐकू गेला. शोभा सरकीच्या ढिगात कोसळली. नाकातून रक्त आले.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ कुऱ्हाडीचा दांडा घेऊन फाटकात उभा. "कोन हाय ते मुकादमीन?"

"मी हाय," गिरजाबाई पुढे झाल्या. आपली काठी त्यांनी माझ्या हातात दिली. "कुठं मारतं? डोक्यावर नोको मारू, मले पाळी लावाची हाय."

त्याला वाटले असावे की थट्टा चालली आहे. त्याने दांडा घातला. तो पाठीत बसला, आणि लाकूड हाडावर आदळल्याचा आवाज मी जवळून ऐकला. त्या गुडघ्यावर आल्या. दुसरा फटका खांद्यावर. हमाल धावले, तेव्हा त्यांनीच हात वर करून त्यांना अडवले. मग उठल्या, तोंडातली लाल थुंकी टाकली. "झालं? आता जाय. अन् तिले म्हनाव, उद्या ये, पन वायर घरी ठेव."

शोभा आली. तिचे गाणे मात्र बंद झाले. आम्ही सर्वांनी ते रुसणे मानले.

पुढच्या हंगामाआधी शेठजींनी कारभार मुलाच्या हाती दिला. छोटे शेठ पुण्यात शिकून आले होते. तरुण, नीटनेटके, बोलण्यात गोड. कामगार आनंदी, निरोगी आणि उत्साही असला पाहिजे, असे त्यांचे ठाम मत होते आणि त्यात चुकीचे काहीच नव्हते. त्यांनी पुण्याहून एक प्रशिक्षक आणले. प्रशिक्षकांनी बायकांना वर्तुळात उभे करून सांगितले, "आता सगळ्यांनी पोटापासून हसायचं. हा हा हा!"

बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. एक म्हणाली, "कोन पडलं बाप्पा?"

"कोनी नाई पडलं," गिरजाबाई म्हणाल्या. "कोनी पडलं नाई म्हनूनच हासा लागते म्हंते तो." यावर मात्र सगळ्या खरोखरच हसल्या, आणि प्रशिक्षकही मोकळेपणाने त्यांच्यात सामील झाले. माणूस भला होता. त्यांच्याच आग्रहाने आरोग्य तपासणी ठेवली गेली. छाती, डोळे, कान. यापूर्वी आमच्याकडे कानांची तपासणी कधी झालीच नव्हती.

शोभाची पाळी आली. डॉक्टरांनी डाव्या कानात पाहिले, पुन्हा पाहिले. "पडदा फाटलेला आहे. या कानाने ऐकू येतं का?"

शोभाने मान हलवली.

"कशाने झालं?"

"पडली होती," शोभा म्हणाली.

मागे रांगेत गिरजाबाई होत्या. "पडली नाई," त्या म्हणाल्या. "म्या हानली."

डॉक्टरांनी छोट्या शेठांकडे पाहिले. गिरजाबाई रांगेतून बाहेर पडल्या, काठी उचलली आणि ती माझ्या टेबलावर ठेवली. "ठेवा मास्तर. माह्यापाशी नोको आता."

छोट्या शेठांनी त्यांना काढले नाही. पण दुसऱ्याच दिवशी लाल बटणावर लोखंडी डबी बसली आणि तिला कुलूप लागले. "यापुढे यंत्र बंद करायचं तर मला विचारायचं. रागाच्या भरात चालणारं कामाचं ठिकाण मला नको आहे," ते म्हणाले. ज्या बाईंनी पगाराआधी ते बटण मागून घेतले होते, त्या नुसत्या डबीकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांना बोलायचा अधिकार उरला आहे असे वाटले नाही. कोणी अपमान केला असता तर त्या लढल्या असत्या. पण तो कान त्यांच्या हाताने गेला होता.

हंगामाच्या मुहूर्ताला आमच्याकडे रेच्याची पूजा होते. त्या पूजेत एक जुनी रीत होती. पट्ट्याच्या मोठ्या चाकावर संरक्षक जाळी असते. कुंकू त्या जाळीला लावत नसत. देवीचे दार बंद असताना बाहेरच्या फळीला कुंकू लावण्यासारखे ते झाले असते, अशी बायकांची समजूत. म्हणून जाळी काढून भिंतीला टेकवत, कुंकू प्रत्यक्ष चाकाला लावत, नारळ फोडत, जाळी परत बसवत. गिरजाबाई तिचा प्रत्येक नट हाताने ओढून पाहत आणि मग म्हणत, "हं, चालू."

त्या वर्षी गिरजाबाईंना समोर खुर्चीवर बसवले होते. सर्वांत जुन्या कामगार म्हणून शाल द्यायची होती. बायकांना केशरी उपरणी दिली होती, वर छापलेले 'आनंदी कामगार'. उपरणी गळ्यात लोंबत होती. गिरजाबाईंनी एकीचे उपरणे खोचायला हात पुढे केला, पण ती दचकून मागे सरताच तो हात मागे घेतला. छोटे शेठ मोबाइल उंच धरून चित्रण करत होते. कुंकू लावलेले चाक फिरताना चित्रात चांगले दिसेल, या विचाराने त्यांनी जाळी बसवण्याआधीच मोटारीच्या खोलीकडे हाताने खूण केली.

शोभा पूजेचे ताट उचलायला चाकापाशी वाकली होती. तिचा डावा कान आमच्याकडे होता.

"शोभे!" गिरजाबाई खुर्चीवरून ओरडल्या. मोटार घरघरली. बाकीच्या बायका भराभर मागे सरल्या. शोभा ताटात नारळाचे तुकडे गोळा करत राहिली. उपरण्याचे टोक चाकावर गेले.

पुढचे फार लवकर झाले. गळ्याला बसलेला पीळ, लोखंडी चौकटीवर आदळलेला चेहरा, दात तुटल्याचा आवाज. बायका डबीवर तुटून पडल्या. कोणी नारळ फोडायचा दगड घेऊन कुलूप ठेचू लागली. छोटे शेठ खिशात किल्ली शोधत होते आणि ती बोटांतून पुन्हा पुन्हा निसटत होती. गिरजाबाईंनी खुर्ची मागे फेकली, कमरेचा विळा काढला, आणि शोभाचा गळा व चाक यांच्यामध्ये उजवा हात घातला. कापड फाटले. शोभा उताणी पडली. पट्ट्याने विळा ओढला आणि विळ्यासह हात.

अखेर डबी उघडून मोटार थांबली तेव्हा चाकावरचे कुंकू आणि रक्त वेगळे ओळखता येत नव्हते. गिरजाबाईंनी हात ओढून घेतला. अंगठा आणि करंगळी तेवढी शाबूत दिसली. तो हात काखेत दाबून त्या छोट्या शेठांपुढे गेल्या आणि डाव्या हाताने त्यांच्या गालावर असा फटका दिला, की मोबाइल सरकीत जाऊन पडला.

"हा तुह्या कुलपाचा," त्या म्हणाल्या, आणि तिथेच बसल्या.

छोट्या शेठांविषयी न्यायाने एक सांगितले पाहिजे. गालावर वळ उमटलेले असताना त्यांनीच दोघींना आपल्या गाडीत घालून यवतमाळच्या दवाखान्यात नेले, आणि परत आल्यावर डबी स्वतःच्या हाताने उखडून टाकली. दवाखान्यात मी गेलो, तेव्हा गिरजाबाईंच्या हाताला मोठे पांढरे गाठोडे बांधलेले होते.

"आता कोनाले हानू, मास्तर?" त्या म्हणाल्या. "डाव्या हाताचा नेम बराबर नाई. त्या पोट्ट्याच्या कानाखाली माराचं होतं, गालावर बसलं." मग छताकडे पाहत म्हणाल्या, "तिले हाक ऐकू गेली नाई. ऐकू गेली असती तं सरकली असती."

त्या मुकादम राहिल्या नाहीत. फळीवरची मुकादमी शोभाकडे आली. तिचे पुढचे दात गेले आहेत आणि गळ्याभोवती गडद व्रण आहे. हाक मारण्यावर तिने भिस्त ठेवलेली नाही. प्रत्येक रेच्याशी एक लाल फडके बांधले आहे. कोणीही ते उंच केले की बटणाच्या सर्वांत जवळची बाई ते दाबते. कानांची तपासणी दरवर्षी होते. जाळी आता पूजेतही निघत नाही. कुंकू जाळीलाच लागते, आणि देवी त्यावर रागावल्याचे कोणाला जाणवलेले नाही.

गिरजाबाईंना मी शेवटचे पाहिले ते गेल्या हंगामात, पाळी सुटताना. फाटकाशी त्याच बारदानावर बसून त्या गूळ वाटत होत्या. माझ्या टेबलावरची काठी त्यांनी परत मागून घेतली होती, पण ढेप फोडण्यापुरती. डाव्या हातात काठी; उजवा हात पदराखाली. तो त्यांनी कोणाला दाखवल्याचे मी पाहिले नव्हते. बायका ओंजळी पुढे करत, त्या निरखून पाहत, खडा टाकत, शिव्या देत.

शेवटी शोभा आली. ती समोर उभी राहिली, डावी बाजू गिरजाबाईंकडे. गिरजाबाई काही बोलल्या. तिला ऐकू गेले नाही. तेव्हा जी बाई कधी शेठजींसाठी उठली नव्हती ती काठीवर भार देऊन उठली, खुरडत शोभाच्या उजव्या बाजूला गेली आणि त्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "गधडे, हात दाखव."

शोभाने ओंजळ पुढे केली. गिरजाबाईंनी तीत कडेचा नरम गूळ ठेवला. शोभाने त्याचे दोन तुकडे केले आणि एक तसाच चिमटीत धरून ठेवला.

"आता तू दाखव, माय."

"मले कायले पाह्यजे गूळ? मी का धुळीत उभी होती?"

"दाखव न. एका हातात भेटत नाई. कायदा तुहाच हाय."

रांग पांगली होती. फाटकाबाहेर जीपवाला नेरच्या नावाने ओरडत होता. गिरजाबाईंनी काठी भिंतीला टेकवली, इकडेतिकडे पाहिले, आणि पदराखालचा हात हळूहळू बाहेर काढून डाव्या हाताशेजारी धरला.